आखाजीच्या सुमारास कोमोकाठी : व्हिला कार्लोताची बाग कशी पाहावी

खानदेशातून युरोपच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत इटलीतील कोमो सरोवराच्या वाट्याला बहुधा दोन-तीन तासच येतात. तेवढ्या वेळात बस काठावर थांबते, छायाचित्रे निघतात, आइस्क्रीम खाऊन होते आणि मंडळी स्वित्झर्लंडच्या वाटेला लागतात. ज्यांच्या परसात लिंबाचे झाड आहे, शेतात केळीची बाग आहे किंवा ज्यांना फुलझाडांची नुसती आवड आहे, त्यांनी हा थांबा सहल कंपनीच्या मर्जीवर सोडू नये. सरोवराच्या पश्चिम काठावरील त्रेमेझ्झो या गावी असलेल्या व्हिला कार्लोता या जुन्या हवेलीच्या बागेसाठी एक आख्खा दिवस वेगळा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच दिवसात बेलाज्जो, वारेन्ना आणि कोमो शहरही उरकून घेण्याचा मोह आवरावा, कारण या बागेला तीन-साडेतीन तास सहज लागतात आणि बोटीच्या वेळा सांभाळण्यात उरलेला दिवस जातो.

कधी जावे, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बाग साधारणपणे मार्चअखेर उघडते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुली असते. थंडीत ती बहुतांशी बंद राहते. आरंभी कॅमेलिया फुलतात, मेमध्ये गुलाब येतात, उन्हाळ्यात हायड्रेंजियाचे गुच्छ दिसतात. परंतु ही बाग जगभर ओळखली जाते ती अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझुडपांच्या बहरासाठी, आणि त्या बहराचा भर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असतो. आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयाही, नेमकी याच पट्ट्यात, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत, केव्हातरी येते. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, पितरांची घागर भरायची असते, आणि असे घर सोडून परदेशी जाणे कोणालाच रुचणार नाही. म्हणून आखाजी एप्रिलमध्ये पडत असेल, तर सण उरकून, पाहुण्यांची पाठवणी करून निघावे. ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात येत असेल, तर त्याआधीच जाऊन यावे, कारण नंतर पोहोचणाऱ्याला पायवाटेवर गळून पडलेल्या पाकळ्याच अधिक दिसतील. शाळेच्या परीक्षा लांबल्या असतील, तर मेचा पहिला आठवडा हा बरा मध्यम मार्ग आहे. मात्र २५ एप्रिल आणि १ मे या दोन्ही दिवशी इटलीत सार्वजनिक सुट्टी असते आणि सारे मिलान सरोवराकडे लोटते, तेव्हा हे दोन दिवस आणि शनिवार-रविवार टाळावेत.

ज्यांना दिवाळीच्या सुट्टीतच सवड मिळते, त्यांनी पंचांग पाहूनच ठरवावे. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली, तर बाग उघडी असते आणि जपानी मेपलची पाने तांबूस होऊ लागलेली असतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये गेली, तर फाटक बंद मिळण्याचा संभव आहे.

जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो, त्या दिवसांत तेथे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी अंगावर ऊन घ्यावेसे वाटते. पाऊसही त्या महिन्यांत नेहमीचाच आहे. आपल्याकडे मेमधला पाऊस वळिवाचा म्हणून तासाभरात आटोपतो, तेथे तो दिवसभरही रेंगाळतो. घडीची छत्री आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट या दोन वस्तू विसरू नयेत. बाग डोंगराच्या उतारावर आहे, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि चपला घालून त्या चढणे-उतरणे ज्येष्ठांना त्रासाचे होते. नऊवारी किंवा सहावारी नेसणाऱ्या आजींनाही खाली बूट घालण्यास आधीच राजी करून ठेवावे. तेथे गेल्यावर तो वाद नको.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. इटली शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो आणि प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. बोटांचे ठसे देण्यासाठी बहुतेकांना स्वतः हजर राहावे लागत असल्याने त्या एका कामासाठी मोठ्या शहराची एक खेप धरूनच चालावे, आणि उन्हाळी सुट्टीत सर्वत्र गर्दी उसळत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा.

शिदोरीचा विषय मात्र खानदेशी माणसासाठी दुय्यम नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप आणि पनीर घरीच ठेवावे लागते. दुधात मळलेल्या दशम्यांविषयीही उगाच हुज्जत घालावी लागू नये म्हणून त्यांच्याऐवजी खाखरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेव आणि भडंग न्यावे. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि हापूसची पेटी त्याशिवाय नेता येत नाही. पण या नियमातून पाच फळे वगळलेली आहेत, ती म्हणजे अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ही गोष्ट ऐकून बरे वाटेल, तरीही पिकलेली केळी सामानात दबून त्यांचे काय होते हे त्याला आपण सांगायला नको. वेफर्स न्यावेत, ते उत्तम.

हॉटेलात जेवायचे असल्यास ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ करावेत, आणि भाज्यांचे सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे वेगळे विचारावे. पार्मेझानसारखे चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य वापरून करतात, तेव्हा काटेकोर शाकाहारी आणि जैन कुटुंबांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ हेही जोडावे. टेबलावर बसल्याबद्दल माणशी वेगळी रक्कम बिलात लागते. ती चूक नसून तेथील रीतच आहे.

मिलानहून जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कोमो शहरापर्यंत रेल्वेने जाऊन तेथून पश्चिम काठाने जाणारी सी-१० क्रमांकाची बस किंवा बोट धरायची. दुसरा, आणि माझ्या मते कितीतरी चांगला, म्हणजे मिलानो चेंत्राले या मुख्य स्थानकावरून सोंद्रियो-तिरानोकडे जाणारी गाडी पकडून तासाभरात वारेन्ना येथे उतरायचे आणि सरोवर ओलांडून पलीकडच्या काठाला लागायचे. लेक्को हे वाटेतले शहर सोडल्यावर ही गाडी पाण्याच्या अगदी कडेने धावते आणि सरोवर डाव्या हाताला असते, म्हणून जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी. कागदी तिकीट काढल्यास फलाटावरील छोट्या यंत्रात ते छापून घेतल्याशिवाय गाडीत चढू नये, कारण न छापलेले तिकीट तपासनीस विनातिकीट धरतो. परतीचे तिकीटही मिलानलाच काढून ठेवावे. वारेन्नाच्या स्थानकापासून धक्का उतारावर दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे. येताना हाच रस्ता चढाचा असतो, हे लक्षात ठेवून निघावे.

व्हिलासमोर बोटीचा स्वतःचा थांबा आहे, पण तेथे थांबणाऱ्या फेऱ्या कमी असतात. वारेन्ना, बेलाज्जो, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया यांच्यात मोटारीही वाहून नेणारी फेरीबोट चालते. तिने कादेनाब्बियाला उतरावे आणि काठाकाठाने चालत व्हिलापर्यंत यावे. हे चालणे दहा मिनिटांचे आहे आणि ते टाळू नये. ही हवेली बांधली गेली तेव्हा पाहुणे पाण्यातूनच येत असत, आणि बोटीतून पाहिल्याशिवाय तिची मांडणी समजत नाही : खाली पाणी, मग फाटक, मग एकावर एक चढत गेलेल्या गच्च्या, त्यांना दुहेरी जिने, वर पांढरी हवेली आणि मागे डोंगर. आता पाणी आणि फाटक यांच्यामध्ये मोटाररस्ता आला आहे, आणि रस्त्यावरून येणाऱ्याला यातले निम्मेच दिसते.

आत शिरण्यापूर्वी या जागेचा इतिहास थोडा माहीत असावा, म्हणजे एकाच बागेत दोन वेगळ्या स्वभावांच्या बागा का दिसतात हे कळते. मिलानच्या क्लेरिची घराण्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस ही हवेली उभारली. गच्च्या, कारंजे, कातरलेली कुंपणे आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी मांडणी, हा जो आखीव भाग हवेलीसमोर दिसतो, तो त्या काळच्या इटालियन रीतीचा आहे. १८०१ मध्ये ती जोव्हान्नी बात्तिस्ता सोम्मारिवा याने विकत घेतली. नेपोलियनच्या राजवटीत हा माणूस राजकारणात वर आला होता, आणि पुढे सत्ता हातची गेल्यावर त्याने आपली सारी हौस शिल्पे आणि चित्रे जमवण्यात घातली. आज आत जे संग्रहालय आहे, त्याचा गाभा त्याच्या संग्रहाचा आहे. १८४३ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या राजघराण्यातील मारियान या राजकन्येने ती खरेदी केली आणि आपली मुलगी शार्लोट हिला विवाहाची भेट म्हणून दिली. कार्लोता हे शार्लोट या नावाचे इटालियन रूप. ही मुलगी १८५५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी वारली. तिचे पती, साक्स-मायनिंगेन या छोट्या जर्मन संस्थानाचे गेऑर्ग, पुढे तेथील ड्यूक, म्हणजे अधिपती, झाले. त्यांना वनस्पतिशास्त्राची मनापासून आवड होती, आणि हवेलीच्या बाजूला व मागे पसरलेली, वळणावळणाच्या वाटांची, दूरदेशींच्या झाडांची जी दुसरी बाग आहे, ती मुख्यत्वे त्यांच्या काळात आकाराला आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मालकी म्हणून इटलीच्या सरकारने ही मालमत्ता ताब्यात घेतली, आणि १९२७ पासून एक स्वतंत्र संस्था तिची व्यवस्था पाहते.

तिकीट संस्थेच्या संकेतस्थळावर आधी काढून ठेवावे. बाग आणि संग्रहालय यांचे तिकीट एकच असते. वेळ निवडताना सूर्याचा विचार करावा. हवेली पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट तिच्या दर्शनी भिंतीवर आणि फुलांवर पडते, तर दुपार कलल्यावर सूर्य मागच्या डोंगराआड लवकर जातो आणि बागेवर सावली येते. उलट समोरचे बेलाज्जो आणि त्यामागचे ग्रिन्ये डोंगर दुपारी उजळतात. म्हणून उघडण्याच्या वेळेलाच फाटकावर असावे, सकाळ फुलांना द्यावी, मध्यान्ह संग्रहालयाला, आणि सरोवराचे दृश्य शेवटासाठी राखून ठेवावे. गटाने येणाऱ्यांची गर्दी दहा-साडेदहानंतर वाढते, तोवर अझेलियाच्या वाटा बऱ्यापैकी मोकळ्या मिळतात.

अझेलियाच्या वाटेवर घाई करू नये. झुडपे कातरून मोठमोठ्या गोलाकार उशांसारखी केलेली आहेत, वाटेच्या दोन्ही अंगांना ती डोक्याच्या उंचीपर्यंत चढत जातात, आणि भरात असताना पान म्हणून दिसत नाही. लांबून पाहणाऱ्याला गुलाबी, जांभळा, पांढरा, शेंदरी असे नुसते रंगाचे ढीग दिसतात. जवळ जाऊन एकच फूल पाहावे. पाच पाकळ्या तळाशी जुळून नरसाळे झालेले असते. वरच्या पाकळीवर गडद ठिपक्यांचा एक पट्टा असतो, जो मधमाशीला मधाची वाट दाखवतो. आणि पुंकेसर खालून वर असे वाकलेले असतात की आत शिरणाऱ्या माशीच्या पोटाला पराग लागल्यावाचून राहत नाहीत. ही झुडपे कातरण्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरू लागतात, म्हणून कातरणी फुले ओसरताच व्हावी लागते; ती थंडीपर्यंत लांबवली, तर कात्री पुढच्या बहरावरच चालते. घरी मोगरा किंवा जास्वंद छाटणाऱ्याला आपल्याकडे इतका जाच नसतो.

येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. खाली पडलेले फूलसुद्धा उचलून केसांत माळू नये, देवासाठी पिशवीत टाकू नये आणि लहान मुलांना तोंडात घालू देऊ नये. फुले तोडण्यास मनाई तर आहेच, शिवाय अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांची पाने, फुले आणि मधही विषारी असू शकतात. हिमालयातील बुरांस याच ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातला आणि त्याच्या फुलांचे सरबत आपल्याकडच्या बाजारातही मिळते, त्यामुळे हा गैरसमज होण्याचा धोका आहे; पण सगळ्या जाती सारख्या नसतात.

अझेलियानंतर वर चढावे. उंच झाडांच्या सावलीत ओढ्याच्या कडेने नेच्यांची दरी लागते, त्यात माडासारखे खोड असलेले वृक्षनेचे आहेत, आणि या भागात उन्हाच्या दिवशीही गारवा आणि ओल असते. पुढे बांबूंची बाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना बांबूचे काय नवल, असे वाटेल. पण आपला मानवेल बेट करून एका जागी वाढतो आणि त्याची काठी बहुधा भरीव असते, तर समशीतोष्ण प्रदेशांतील अनेक जाती जमिनीखालून धावत जाऊन दूरवर कोंब काढतात, आणि त्यामुळे बेटाऐवजी मोकळी, आत चालत जाता येईल अशी राई तयार होते. हा फरक पायांनीच कळतो. खोडांवर नावे कोरणारे महाभाग सर्व देशांत असतात, त्यांत आपली भर नको.

उतरताना हवेलीसमोरच्या गच्च्यांवर यावे आणि लिंबूवर्गीय झाडांच्या मांडवाखाली शिरावे. कमानींवर चढवलेल्या लिंबू, संत्रे आणि महाळुंग यांच्या फांद्या डोक्यावर मिळून बोगदा झालेला आहे, आणि वसंतात एकाच फांदीवर कळी, फूल आणि पिवळे फळ असे सगळे एकदम दिसते. सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर, हिमाच्छादित शिखरांच्या पायथ्याशी लिंबू तग धरतो याचे श्रेय सरोवराला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर आणि कमाल खोली ४०० मीटरांहून अधिक आहे; एवढे पाणी उन्हाळ्यात घेतलेली ऊब हिवाळाभर हळूहळू सोडत राहते, आणि उत्तरेकडचे डोंगर थंड वारा अडवतात. आपल्याकडे लिंबाचा बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. तेथे तेच काम थंडी करते, माळ्याला फक्त ती थंडी जास्त होणार नाही एवढे पाहावे लागते. बागायतदार वाचकाने या मांडवाखाली पंधरा-वीस मिनिटे खुशाल घालवावीत आणि फांद्या कशा बांधल्या आहेत ते नीट पाहावे.

संग्रहालयात तासभर पुरतो. इटालियन शिल्पकार आन्तोनियो कानोव्हाचा संगमरवरी पालामेदेस हा ग्रीक पुराणातला वीर, आणि त्याच्याच रचनेवरून त्याचा शिष्य आदामो तादोलिनी याने घडवलेली क्युपिड हा प्रेमदेव व त्याची प्रेयसी सायकी यांची जोडी, ही दोन शिल्पे सर्व बाजूंनी फिरून पाहावीत. चित्रकार फ्रांचेस्को अयेझ याचे रोमिओ-ज्युलिएटच्या अखेरच्या चुंबनाचे चित्रही येथेच आहे. माझ्या मते मात्र खरा ऐवज दिवाणखान्याच्या भिंतींवर वरच्या अंगाला फिरलेला डॅनिश शिल्पकार थोर्वाल्डसेनचा शिल्पपट्ट हा आहे. अलेक्झांडर बाबिलोनमध्ये विजयी प्रवेश करतो, हा त्याचा विषय; कल्पना मूळ नेपोलियनसाठीची, पण त्याचे साम्राज्य कोसळले आणि संगमरवरातले काम सोम्मारिवाने आपल्या घरासाठी करवून घेतले. पट्टाच्या शेवटी शिल्पकाराने स्वतःला आणि सोम्मारिवालाही कोरले आहे. ते दोघे शोधण्याचे काम कंटाळलेल्या मुलांना द्यावे.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी सगळी बाग चढण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी अझेलियाची खालची वाट, मांडव आणि संग्रहालय एवढेच पाहावे, बाकी वेळ गच्चीवरच्या बाकावर बसावे. कमी पायऱ्यांची वाट कोणती, हे तिकीट खिडकीवर विचारल्यास सांगतात. तरुणांनी त्यांना तेथे एकटे सोडून वर जाताना भेटण्याची जागा आणि वेळ पक्की करावी, कारण डोंगराच्या कुशीत मोबाइलवर विसंबून राहणे बरे नव्हे.

बाहेर पडताना कित्येकांच्या मनात रोप नेण्याचा विचार येतो. तो सोडून द्यावा. परदेशातून रोपे, कलमे किंवा बी भारतात आणण्यासाठी वनस्पती विलगीकरणाच्या नियमांनुसार परवाना आणि प्रमाणपत्र लागते, ते नसेल तर विमानतळावर माल जप्त होतो. शिवाय अझेलियाला आम्लधर्मी, निचऱ्याची माती आणि गारवा लागतो. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तिची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, आणि मेच्या उन्हात उरलेले झुडूप करपते. हौसच असेल, तर तेथील मांडवाची रीत लक्षात ठेवून घरच्या कागदी लिंबावर कमानीचा प्रयोग करून पाहावा, त्याला परवाना लागत नाही.

परतीची बोट कोणती, हे सकाळी धक्क्यावर उतरतानाच वेळापत्रकाचे छायाचित्र घेऊन निश्चित करावे. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, सुट्टीच्या दिवसाच्या आणि कामाच्या दिवसाच्या फेऱ्या वेगळ्या असतात, आणि संध्याकाळी त्या विरळ होतात. मेच्या सुरुवातीला तेथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असल्याने वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून शेवटच्या बोटीच्या भरवशावर न राहता तिच्या आधीच्या दोन बोटी लक्षात ठेवाव्यात. वारेन्नाहून मिलानची गाडी साधारण तासातासाने असते. बोट आणि गाडी यांच्यात किमान अर्धा तास असावा, कारण मघाशी सांगितलेला तो चढ सामान आणि लहान मुले घेऊन चढायचा असतो. परतताना सरोवर उजव्या हाताला येते.